गंजरोधक डिप लेप : स्टील, ॲल्युमिनियम, पितळ एकाच टाकीत चालेल का?

कानस

नमस्कार मंडळी. आम्ही छोट्या यंत्रांचे सुटे भाग बनवतो. एका जोडणीत माइल्ड स्टीलचा ब्रॅकेट, ॲल्युमिनियमचं झाकण, पितळी बुश आणि स्टेनलेसचे स्क्रू असा सगळा मेळ असतो. काही भागांवर पावडर कोटिंग होतं, काही तेल लावून तसेच जातात. गोदामात पडून राहिले की स्टीलवर तांबूस ठिपके येतात, ॲल्युमिनियमवर पांढरी भुकटी धरते, पितळ काळवंडतं.

विजेने मुलामा चढवण्याच्या प्लेटिंगचा रेक्टिफायर, ॲनोड असा पसारा नको आहे. रसायनात बुडवलं, काढलं, धुतलं, एवढ्यात होणारा लेप हवा. पूर्ण जोडणी एकदम बुडवून सगळ्या धातूंचं काम भागेल असं एखादं द्रावण आहे का? नसेल तर कशाला काय वापरावं? रंगाआधी काय आणि तेलाआधी काय, हेही जाणकारांनी सांगावं.

हातोडा

जोडणी अजिबात बुडवू नका. आधी सगळं सुटं करा, धातूप्रमाणे वेगवेगळ्या जाळ्या करा. जोडलेल्या फटीत शिरलेलं आम्ल कितीही धुतलं तरी आत राहतं आणि रंग झाल्यावर महिन्याभराने फटीतून तांबूस ओघळ बाहेर येतो. स्पॉट वेल्ड केलेल्या पत्र्यातही हेच होतं. बाकीचं सविस्तर लिहायला इथे माझ्याहून जाणते लोक आहेत.

जस्तफूल

हातोडा यांच्याशी पूर्ण सहमत. पण कारण नुसतं फटीचं नाही, मूळ रसायनाचंच आहे. ते कळलं की बाकीचे निर्णय आपोआप सोपे होतात, म्हणून थोडं लांबवून लिहितो.

फॉस्फेटिंग म्हणजे स्टीलवर फॉस्फेटचा लेप आणणं. त्याच्या टाकीत सौम्य फॉस्फरिक आम्ल आणि त्यात विरघळलेलं झिंक फॉस्फेट असतं. स्टील आत गेलं की आम्ल आधी त्यालाच खातं. लोखंड विरघळतं, हायड्रोजनचे बुडबुडे निघतात आणि पृष्ठभागाला लागून असलेल्या अगदी पातळ थरातलं आम्ल खर्ची पडतं. त्या थराचा पीएच वर गेला की झिंक फॉस्फेटला विरघळलेलं राहता येत नाही, ते स्फटिक होऊन तिथल्या तिथे बसतं. म्हणजे लेप बाहेरून येऊन चिकटत नाही, धातूच्या स्वतःच्या झिजेतून उगवतो. त्याची पकड चांगली असते ती यामुळेच.

आता हेच द्रावण स्टेनलेसला लावा. त्याच्यावर क्रोमियम ऑक्साइडचं कवच असतं, आम्ल त्याला खात नाही, म्हणून लेपही येत नाही. जसं गेलं तसं बाहेर येतं. पितळेचंही जवळपास तसंच, कारण तांबं अशा आम्लातून हायड्रोजन काढू शकत नाही. ॲल्युमिनियमची गोष्ट आणखी वाईट. ते थोडं थोडं विरघळत राहतं आणि विरघळलेलं ॲल्युमिनियम टाकीत साठलं की स्टीलवर लेप बसणंही बिघडतं. एका झाकणापायी सगळ्या ब्रॅकेटची वाट लागते.

पिकलिंगच्या, म्हणजे लेपाआधी गंज काढण्याच्या, हायड्रोक्लोरिक आम्लात तर पितळ घालूच नका. त्यातून थोडं तांबं द्रावणात उतरतं आणि पुढच्या फेरीच्या स्टीलवर बसतं. आम्लातून जॉब (म्हणजे बुडवलेला भाग) गुलाबीसर निघू लागला तर समजा की टाकीत तांबं शिरलंय. त्या सैल तांब्यावर काढलेला लेप टिकत नाही, उलट तांब्याशेजारचं लोखंड अधिक वेगाने गंजतं. जस्ताचा मुलामा असलेला भाग चुकून त्या आम्लात गेला तर मुलामा मिनिटांत नाहीसा होतो.

गोपद्म

एक दुसरी बाजू मांडते. मी रंगकामाआधीच्या प्रक्रियेवर काम करते. मोटारींच्या बॉडीत साधं स्टील, जस्त चढवलेलं स्टील आणि ॲल्युमिनियम असं तिन्ही असतं, आणि ती अख्खी बॉडी एकाच टाकीतून जाते. त्या झिंक फॉस्फेटमध्ये निकेल आणि मँगनीजही असतं, शिवाय मोजून फ्लोराइड घातलेलं असतं. फ्लोराइड ॲल्युमिनियमचं ऑक्साइड फोडतं आणि विरघळलेल्या ॲल्युमिनियमला क्रायोलाइटच्या गाळात बांधून खाली बसवतं. अलीकडे झिर्कोनियमची पद्धतही रुळली आहे. फ्लोरोझिर्कोनिक आम्लाचं सौम्य द्रावण, पीएच ४ च्या आसपास, तापवायची गरज नाही, लेप काही दहा नॅनोमीटरचा, गाळ अगदी कमी.

तेव्हा ‘एकच टाकी शक्यच नाही’ असं नाही. मात्र हे सगळं रंगाच्या खालचं अस्तर आहे. नुसता झिर्कोनियमचा भाग उघडा ठेवला तर तो गंजापासून वाचत नाही. शिवाय फ्लोराइडचं प्रमाण रोज मोजावं लागतं. पितळ या पद्धतीतही बसत नाही.

कानस

धन्यवाद, बरंच डोक्यात शिरलं. म्हणजे पितळ आणि स्टेनलेस बाजूला, आणि स्टील-ॲल्युमिनियमच्या ज्या भागांना रंग लागणार त्यांना झिर्कोनियम चालू शकेल. पण आमचे बरेच स्टीलचे भाग बिनरंगाचे असतात. त्यांना काळा रंग देणारं ब्लॅकोडायझिंग कसं? दिसतंही छान आणि मापात फरक पडत नाही असं ऐकलंय.

निळी ज्योत

मापाचं बरोबर आहे. लेप साधारण एक मायक्रॉनचा असतो, त्यामुळे आटे, फिट, गेज यांना धक्का लागत नाही. पण टाकी हाताळायला अवघड आहे. कॉस्टिक सोडा आणि सोडियम नायट्रेट-नायट्राइटचं दाट द्रावण १४० अंशांच्या आसपास उकळत असतं. त्यात लोखंडाच्या पृष्ठभागाचं काळं मॅग्नेटाइट होतं.

सगळा ताबा उकळबिंदूवर असतो. पाणी उडून गेलं की द्रावण दाट होतं, उकळबिंदू चढतो आणि जॉबवर लालसर-तपकिरी भुकटी येऊ लागते. मग पाणी घालावं लागतं, आणि खरा धोका तिथेच आहे. १४० अंशांच्या कॉस्टिकमध्ये भसकन पाणी ओतलं तर त्याची जागच्या जागी वाफ होते आणि द्रावण उसळून बाहेर येतं. पाणी बारीक धारेने, हळू, टाकीपासून लांब उभं राहून, चेहऱ्यावर पूर्ण शील्ड आणि अंगावर रबरी ॲप्रन असतानाच घालायचं. बंद भोकात पाणी अडकलेला जॉब बुडवला तरी तसाच उडतो. थंड झालेल्या टाकीवर कडक पापुद्रा धरतो. तो न फोडता खालून तापवलं तर वाफ आत कोंडते आणि पापुद्रा फुटून उसळी येते.

ॲल्युमिनियम या टाकीत कदापि जाऊ देऊ नका. ते कॉस्टिकमध्ये जोरात विरघळतं आणि हायड्रोजनचे ढग सोडतं. जस्त आणि पितळही नको. टिनची झाळण असलेला भागही नको.

जस्तफूल

निळी ज्योत यांनी जपणुकीचं फार नेमकं लिहिलंय. मी फक्त एवढं म्हणेन की काळ्या रंगाला गंजरोधक समजू नका. मॅग्नेटाइटचा तो थर सच्छिद्र आहे, गंज थांबवतं ते त्यात मुरलेलं तेल. तेल पुसलं की जॉब लवकरच तांबूस होतो. सेलेनियमचं थंड ब्लॅकनिंग तर मी सुचवणारच नाही. त्यात ऑक्साइड होतच नाही, कॉपर सेलेनाइडचा काळा थर बसतो, हाताला घासला जातो आणि सेलेनियमची संयुगं विषारी आहेत.

बिनरंगाच्या, साठवणीत टिकायला हव्या असलेल्या स्टीलला मी जाड फॉस्फेट आणि तेल हीच जोडी देईन. जाड म्हणजे दर चौरस मीटरला १० ग्रॅमच्या वर. जिथे भाग एकमेकांवर घासतात तिथे मँगनीज फॉस्फेट, ९५ अंशांच्या आसपास. गिअर, पिस्टन रिंग यांना तेच देतात, कारण त्याचे स्फटिक तेल भरपूर धरून ठेवतात आणि सुरुवातीच्या घर्षणात धातू धातूला चिकटू देत नाहीत.

रंगाखाली मात्र उलटं. तिथे लेप पातळ आणि बारीक दाण्याचा हवा, चौरस मीटरला दीड ते चार ग्रॅम. लोकांना वाटतं जाड थर म्हणजे जास्त संरक्षण. पण रंगाखालचा जाड फॉस्फेट ठिसूळ असतो, पत्रा वाकला की रंगासकट पापुद्रा उडतो. हा गैरसमज मला फार खटकतो, कारण त्यापायी चांगली टाकी असूनही काम नापास होतं.

एक जुनी गोष्ट सांगतो. १९०६ साली ब्रिटनमध्ये थॉमस कॉस्लेट यांनी फॉस्फेट लेपाचं पेटंट घेतलं. तेव्हा जॉब उकळत्या द्रावणात तासन्‌तास ठेवावा लागे. पुढे वेगवर्धक आले आणि काम मिनिटांवर आलं. आपण ज्याला टोनर म्हणतो ते सोडियम नायट्राइट हाच तो वेगवर्धक. तो पृष्ठभागावरचा हायड्रोजन हटवतो आणि विरघळलेल्या लोखंडाचं ऑक्सिडीकरण करून त्याला गाळात पाठवतो. टाकीच्या तळाशी करडा-पांढरा गाळ दिसतो ना, तो याचाच. थोडा गाळ राहणारच. तो ढवळून वर आला तर मात्र जॉबवर भुकटी बसते.

कानस

माझा एक अनुभव विचारायचा राहिला. पिकलिंगमधून काढलेला जॉब धुऊन ठेवला की पुढच्या टाकीत जाण्याआधीच पिवळसर पडतो. त्यावर फॉस्फेट घेतलं तर चालतं का? आणि काही जॉबवर लेप खडबडीत, चकाकणाऱ्या दाण्यांचा येतो, तो कशामुळे?

गोपद्म

पिवळसर झालेल्यावर घेऊ नका. ते ताजं गंजणं आहे, खालून पुन्हा वर येणार. आम्लातून निघालेलं स्टील फार चपळ असतं, त्याला हवेत उभं करायचंच नाही. आम्ल, पाणी, पुढची टाकी, मध्ये थांबा नाही. आम्लात हेक्झामीनसारखा इन्हिबिटर घातला तर गंज निघतो पण खालचं लोखंड कमी खाल्लं जातं.

खडबडीत दाणे बहुतेक वेळा तीव्र आम्लामुळेच येतात. स्फटिक सुरू व्हायला जागा कमी उरतात, मग थोडेच दाणे रुजतात आणि मोठे होतात. यावर उपाय म्हणजे फॉस्फेटच्या अगदी आधी टायटॅनियम फॉस्फेटच्या सौम्य पाण्यात एक बुडी. टायटॅनियमचे अतिसूक्ष्म कण पृष्ठभागावर बसतात आणि प्रत्येक कणापासून एक स्फटिक सुरू होतो. लेप एकदम मऊ, मखमली करडा येतो. हे द्रावण शिळं होतं, नळाच्या जड पाण्याने लवकर मरतं, म्हणून रोज थोडं ताजं घालावं आणि ठरावीक काळाने पूर्ण बदलावं. टाक्यांच्या पूर्ण लाइनीत सगळ्यात जास्त दुर्लक्ष याच टाकीकडे होतं.

ग्रीस निघालंय की नाही हे कसं बघायचं, तेही सांगते. डीग्रीझिंगनंतर (तेल-ग्रीस काढण्याच्या पहिल्या टाकीनंतर) धुतलेला जॉब तिरका धरा. पाण्याचा पडदा सलग खाली उतरला पाहिजे. कुठेही तो फाटून थेंब-थेंब झाला तर तिथे तेल आहे. अशा जॉबला पुढे नेऊ नका, परत पहिल्या टाकीत.

नायट्रिक

फॉस्फेट टाकी अंदाजाने चालवू नका. १० मिली द्रावण घ्या, ०.१ नॉर्मल कॉस्टिकने टायट्रेट करा, म्हणजे ते थेंब-थेंब घालत मोजा. ब्रोमोफिनॉल ब्लू या सूचकाचा रंग बदलेपर्यंत जितके मिली लागले तितके मुक्त आम्लाचे पॉइंट, फिनॉल्फ्थॅलीन गुलाबी होईपर्यंत लागले ते एकूण आम्लाचे. मुक्त आम्ल फार वाढलं तर टाकी नुसती खात राहते आणि लेप धरत नाही. फार कमी झालं तर लेपाऐवजी टाकीतच गाळ पडत जातो. द्रावण देणाऱ्याने या दोहोंचं जे गुणोत्तर सांगितलं असेल ते वहीत लिहून रोज तपासा.

काचमणी

ॲल्युमिनियमचं अजून कोणी उघडून लिहिलं नाही, म्हणून लिहितो.

पहिल्यांदा क्षारात एचिंग, म्हणजे पृष्ठभाग थोडा खाऊन काढणं. त्यातून बाहेर आलं की पृष्ठभागावर काळपट मळी असते. ती मिश्रधातूतल्या तांब्याची, लोखंडाची, सिलिकॉनची, जी कॉस्टिकमध्ये विरघळत नाहीत. नायट्रिक आम्लात ती उतरते. डाय कास्टिंगमधलं सिलिकॉन मात्र नायट्रिकला दाद देत नाही, तिथे फ्लोराइड लागतं. हायड्रोफ्लोरिक आम्लाचं काम असेल तर जवळ कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल असलंच पाहिजे. त्याची भाजणूक सुरुवातीला दुखतही नाही आणि हाडापर्यंत जाते. जेल नसेल तर ते काम करू नका, यात तडजोड नाही.

त्यानंतर रूपांतरण लेप, म्हणजे धातूच्याच पृष्ठभागाचं रूप बदलून येणारा. जुना सोनेरी-पिवळा क्रोमेट षट्संयुजी क्रोमियमचा. गुण म्हणाल तर अफाट. ओरखडा पडला तरी लेपातलं विरघळणारं क्रोमियम तिथे सरकून जखम भरून काढतं. पण तो कर्करोगजनक आहे यात शंका उरलेली नाही. युरोपात विद्युत उपकरणांतल्या त्याच्या वापरावर २००६ पासून मर्यादा आहे, वजनाच्या ०.१ टक्का. क्रोमियम ट्रायऑक्साइडसाठी तर सप्टेंबर २०१७ पासून परवानगीशिवाय वापर बंद आहे. नव्याने सुरू करणाऱ्याने त्रिसंयुजी क्रोमियमच घ्यावं. त्याचा लेप जवळपास रंगहीन असतो, डोळ्यांनी बसला की नाही ते कळत नाही, म्हणून नियंत्रण अधिक काटेकोर लागतं.

क्रोमेटचा ताजा लेप ओला असताना जेलीसारखा मऊ असतो. बोट लावलं तर निघून येतो. ६० अंशांच्या वर सुकवू नका, आतलं पाणी जाऊन लेपाला चिरा पडतात.

पितळेची पणती

पितळेबद्दल माझं थोडं. जुन्या धातूच्या वस्तू जतन करण्याच्या कामात आम्ही बेंझोट्रायझोल वापरतो. तांब्याच्या अणूंशी बांधलं जाऊन ते पृष्ठभागावर अगदी पातळ, न दिसणारी जाळी करतं. आधी सौम्य सायट्रिक आम्लाने डाग काढायचे, भरपूर धुवायचं, मग बेंझोट्रायझोलच्या कोमट पाण्यात बुडी आणि कोरडं करणं. जतनाच्या कामात आम्ही अल्कोहोलमध्ये ३ टक्के घेतो, सुट्या भागांना पाण्यात त्याहून बरंच कमी पुरतं. वरून पातळ लॅकर दिला तर उत्तम. हातमोजे घालूनच उचला, नाहीतर घामाचे ठसे काळे होऊन उमटतात. तीव्र आम्लात पितळ फार वेळ ठेवू नका. त्यातलं जस्त निघून जातं आणि वर लालसर, कमकुवत तांबं उरतं.

हातोडा

स्टेनलेसच्या स्क्रूंना लेप देऊच नका. त्यांना फक्त पॅसिव्हेट करा, म्हणजे त्यांचं स्वतःचंच कवच पक्कं करा. सायट्रिक आम्ल, ४ ते १० टक्के, कोमट, अर्धा तास. कटिंग टूलचे, जाळीचे जे लोखंडी कण पृष्ठभागात रुतलेले असतात ते विरघळतात आणि क्रोमियमचं कवच नीट बांधलं जातं. तपासायचं तर कॉपर सल्फेटचं आम्लयुक्त द्रावण सहा मिनिटं ओलं ठेवा. गुलाबी ठिपका दिसला तर लोखंड शिल्लक आहे. स्टेनलेस आणि साध्या स्टीलची जाळी वेगळी ठेवा.

ओढा

इतका वेळ सगळं वाचलं, पण टाकीतून निघालेलं पाणी कुठे जाणार हे कोणीच विचारलं नाही. मला हा मुद्दा लेपाइतकाच मोठा वाटतो.

षट्संयुजी क्रोमियम असेल तर ते आधी पीएच २ ते ३ वर आणून सोडियम मेटाबायसल्फाइटने त्रिसंयुजी करावं लागतं. पिवळं पाणी हिरवट होतं. मग चुन्याने किंवा कॉस्टिकने पीएच ८-९ पर्यंत नेलं की हायड्रॉक्साइडचा गाळ खाली बसतो. आधी पीएच वाढवून चालत नाही, षट्संयुजी क्रोमियम तसंच पाण्यात राहतं. फॉस्फेटच्या पाण्यात जस्त आणि निकेल असतं, त्याचाही गाळ बसवावा लागतो. तो गाळ घातक कचरा आहे, नोंदणी असलेल्या विल्हेवाटीकडेच गेला पाहिजे. आणि नायट्राइटचं द्रावण आम्लाच्या पाण्यात मिसळू देऊ नका, तपकिरी विषारी धूर निघतो.

पाणी कमी वापरायचं असेल तर धुण्याच्या दोन टाक्या उलट्या प्रवाहाने जोडा. ताजं पाणी शेवटच्या टाकीत येतं, तिथून ओसंडून आधीच्या टाकीत जातं. त्याच पाण्यात दोनदा धुणं होतं. रंगाआधीचं शेवटचं धुणं मात्र डीमिनरलाइज्ड (क्षार काढलेल्या) पाण्यानेच करा. पृष्ठभागावर राहिलेलं मीठ रंगाखालून ओल ओढतं आणि फोड येतात.

कानस

ओढा, हा मुद्दा आधीच विचारायला हवा असा आहे. जागा ठरवण्याआधी सांडपाण्याचं बघतो.

सगळ्यांचं ऐकून असं ठरतंय : रंगाचं स्टील आणि ॲल्युमिनियम झिर्कोनियममधून, पण जाळ्या वेगळ्या आणि एचिंग वेगळं. बिनरंगाचं स्टील जाड फॉस्फेट आणि तेल. पितळ बेंझोट्रायझोल. स्टेनलेस सायट्रिक. ब्लॅकोडायझिंग तूर्त नाही. बरोबर?

शेवटचा प्रश्न. काही भागांत कडक केलेल्या स्प्रिंगाही आहेत. त्या ब्रॅकेटबरोबरच पिकलिंग आणि फॉस्फेटमधून काढल्या तर?

जस्तफूल

बाकी आराखडा बरोबर आहे. स्प्रिंगा मात्र बाजूला काढा. आम्लात निघणारा हायड्रोजन सगळा बुडबुड्यांतून जात नाही, काही कडक स्टीलमध्ये शिरतो. स्प्रिंग दिसायला ठीक असते आणि ताणावर बसवल्यानंतर काही तासांनी किंवा दिवसांनी अचानक तुटते. रॉकवेल सी या मापावर ३९ च्या वर कडकपणा असेल तर पिकलिंग टाळा, गंज ग्रिट ब्लास्टिंगने काढा.

फॉस्फेट घेतल्यावर शिरलेला हायड्रोजन घालवायला बेकिंग करा (भट्टीत तापवा), आणि इथे एक फरक लक्षात ठेवा. जस्ताच्या प्लेटिंगनंतर २०० अंशांच्या आसपास भाजतात. फॉस्फेटला तेवढं तापमान सोसत नाही, त्याच्या स्फटिकातलं पाणी निघून जातं आणि लेप भुसभुशीत होतो. म्हणून साधारण १०० अंशांवर ८ तास, आणि तेल त्यानंतरच.